एचओ लेआउटला ट्रान्सफॉर्मर किती ॲम्पिअरचा?

प्रश्न असा आहे: वेंगुर्ल्याजवळच्या घरी माळ्यावरच्या खोलीत सहा बाय चार फुटी प्लायवूडवर एचओ मापाचा (मॉडेल रेल्वेचे एक ठरलेले माप) छोट्या रेल्वेचा लेआउट होतोय. एक फेरा, त्याला एक लूप (बाजूने जाऊन पुन्हा मिळणारा रूळ), एक सायडिंग (टोक बंद असलेला रूळ), तीन सांधे (रूळ फुटण्याच्या जागा). दोन डिझेल इंजिने आणि आत दिवे असलेले सहा डबे. सेट अमेरिकेतल्या नातेवाइकाने आणलेला, त्यामुळे सोबतचा ॲडाप्टर १२० व्होल्टचा. गावातला वायरमन म्हणतो, १२-०-१२ चा ५ ॲम्पिअरचा ट्रान्सफॉर्मर टाका, कधी कमी पडायचा नाही. दुकानदार एलईडी पट्ट्यांचा १२ व्होल्ट ५ ॲम्पिअरचा एसएमपीएस (इलेक्ट्रॉनिक पॉवर सप्लाय) पुढे करतो. यातला घ्यायचा कुठला, आणि लाइट गेल्यावर तो इन्व्हर्टरवर चालेल का?

दोन्ही नकोत. रुळांना १२ व्होल्ट डीसी आणि फार तर दीड ॲम्पिअर पुरे. सांधे आणि स्टेशनचे दिवे वेगळ्या ट्रान्सफॉर्मरवर घ्या. आणि जे काही आणाल त्याला शॉर्ट झाल्यावर झटकन तोडणारी सोय हवी. या तिसऱ्या गोष्टीकडे दुकानात कोणी बघत नाही, आणि नुकसान नेमके तिथेच होते.

आधी अमेरिकन ॲडाप्टरचे बघू. जिज्ञासा म्हणूनसुद्धा तो आपल्या प्लगमध्ये खोचू नका. १२० व्होल्टच्या वाइंडिंगला (तारेच्या वेटोळ्याला) २३० व्होल्ट मिळाले की लोखंडी गाभा चुंबकत्वाने भरून जातो, प्रायमरीतला (मेन्सच्या बाजूच्या वाइंडिंगमधला) करंट भरमसाट वाढतो आणि आतला थर्मल फ्यूज किंवा वाइंडिंग जळते. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावायचा विचार असेल तर लेबल नीट वाचा. ५०/६० हर्ट्झ लिहिले असेल तर चालेल. फक्त ६० हर्ट्झ असेल तर व्होल्टेज बरोबर देऊनही आपल्या ५० हर्ट्झवर गाभ्यातला चुंबकीय फ्लक्स पाचव्या हिश्शाने जास्त जातो, आणि तो तापतच राहतो. १००-२४० व्होल्ट असे छापले असेल तर नशीब चांगले, फक्त पिनचा कन्व्हर्टर लागेल. बऱ्याच सेटमध्ये भिंतीवरचा ॲडाप्टर वेगळा आणि हातातला स्पीड कंट्रोलर वेगळा असतो. तसे असेल तर कंट्रोलर टाकू नका. ॲडाप्टरच्या आउटपुटच्या ओळीत किती व्होल्ट, एसी की डीसी, किती ॲम्पिअर आणि डीसी असल्यास मधली पिन प्लस की मायनस हे बघा. तेच आकडे असलेला २३० व्होल्टचा ॲडाप्टर आणला की काम झाले, पुढचे निम्मे उत्तर तुम्हाला लागणारही नाही.

आता ॲम्पिअर. इंजिन लागेल तेवढाच करंट ओढते. ५ ॲम्पिअरचा ट्रान्सफॉर्मर लावला म्हणून गाडी जास्त पळत नाही. अलीकडचे एचओ इंजिन सपाट रुळावर साधारण पाव ॲम्पिअर घेते, चढावर ओझे घेऊन अर्ध्यापर्यंत जाते. जुन्या उघड्या मोटरचे इंजिन याच्या दुप्पटही घेईल. अंदाज करत बसण्यापेक्षा मोजा. मल्टिमीटरची लाल वायर १० ॲम्पिअरच्या खाचेत घाला, मीटर कंट्रोलर आणि रुळाच्या मधे सिरीजमध्ये जोडा, पूर्ण १२ व्होल्ट द्या आणि इंजिन पुढून बोटाने असे अडवा की चाके जागच्या जागी घसरत राहतील. तो आकडा लिहून घ्या. त्या इंजिनाला रोजच्या वापरात याहून जास्त लागणार नाही. चाके पूर्ण जाम करून स्टॉल करंट बघायचा असेल तर एखाद सेकंदच, नाहीतर मोटर जाईल.

तुमच्या बाबतीत दोन्ही इंजिने एकाच गाडीला जोडली तर सपाटीला अर्धा, चढावर एक ॲम्पिअर धरा. डब्यांतले दिवे एलईडीचे असतील तर सहा डबे मिळून जेमतेम ०.१ ॲम्पिअर. जुने फिलामेंटचे बारीक बल्ब असतील तर डब्याला ५० मिलिॲम्पिअर धरून ०.३. म्हणजे सगळे मिळून सव्वा ॲम्पिअर, थोडी ढील ठेवून दीड. कोकण रेल्वेसारखा व्हायाडक्ट (उंच खांबांवरचा पूल) बांधायचा बेत असेल तर एक लक्षात ठेवा: खऱ्या मार्गावर चढ १५० ला १ आहे, पण टेबलावर एका रुळावरून दुसरा न्यायला सात सेंटिमीटर उंची लागते आणि ती गाठायला सव्वादोन मीटरच मिळतात. तो होतो ३२ ला १. अशा चढावर डबे कमी करणे हाच उपाय, ट्रान्सफॉर्मर मोठा करणे नव्हे.

५ ॲम्पिअरवाल्याचा धोका गाडी घसरल्यावर कळतो. सांध्यावर इंजिन तिरके झाले की धातूचे चाक दोन्ही रुळांना टेकते आणि शॉर्ट होतो. ५ ॲम्पिअर आणि १२ व्होल्ट म्हणजे ६० वॉट, तेही चाकाच्या टोकाएवढ्या जागेत. करंट उचलणाऱ्या पातळ पट्ट्या लाल होतात, चाकाला डाग पडतो, खालचे प्लॅस्टिकचे स्लीपर मऊ पडून रुळाचे अंतर बिघडते. कोणी म्हणेल, एसएमपीएसला शॉर्टचे संरक्षण असतेच की. असते, पण ते ठरलेल्या ॲम्पिअरच्या वर गेल्यावर जागे होते. रुळांचे जोड आणि बारीक वायरी यांचा मिळून दोन-अडीच ओहम रोध असला तर शॉर्टमध्येसुद्धा पाचच ॲम्पिअर वाहतात. एसएमपीएसला तो नेहमीचा लोड वाटतो आणि तो शांतपणे पुरवत राहतो. जळका वास येतो तेव्हाच माणसाला कळते.

यावर सगळ्यात स्वस्त आणि भरवशाचा उपाय गॅरेजमध्ये मिळतो: चारचाकीच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट २१ वॉटचा बल्ब, होल्डरसकट. तो कंट्रोलरच्या आउटपुटच्या एका वायरीत सिरीजमध्ये टाका. नेहमी गाडी चालताना फिलामेंट थंड असते, त्याचा रोध अगदी कमी, त्यामुळे वेगात फरक जाणवत नाही. शॉर्ट झाला की बल्ब लख्ख पेटतो आणि करंट पावणेदोन ॲम्पिअरवर अडवून धरतो. खोलीच्या दुसऱ्या टोकाला असलात तरी कळते की गाडी घसरली. एन मापाचे (एचओहून लहान) छोटे इंजिन असेल तर १० वॉटचा बल्ब घ्या. पॉलिफ्यूजही (आपोआप पूर्ववत होणारा फ्यूज) चालतो, पण तो तोडायला दोन-चार सेकंद घेतो आणि मे महिन्यात पत्र्याखालच्या माळ्यावर ४० अंशांत त्याची धरण्याची ताकद कमी होते, मग विनाकारण तुटतो. मला बल्बच आवडतो.

बसवल्यावर चाचणी घ्या. कंट्रोलर अर्ध्यावर ठेवून रुपयाचे नाणे दोन्ही रुळांवर आडवे टाका. एचओचा गेज १६.५ मिलिमीटर, नाणे सहज पुरते. फीडरपासून (रुळाला वीज देणाऱ्या वायरीपासून) सर्वात लांबच्या जागी, लूपच्या पोटात, सायडिंगच्या टोकाला, तिन्ही सांध्यांवर, प्रत्येक ठिकाणी नाणे टाकल्याबरोबर बल्ब पेटला पाहिजे किंवा कटआउट तुटला पाहिजे. एखाद्या जागी काहीच झाले नाही तर तिथपर्यंत जाणाऱ्या वायरिंगमध्ये रोध आहे. तो काढल्याशिवाय गाडी चालवू नका.

तयार कंट्रोलर मिळत असेल तर २३० व्होल्ट ५० हर्ट्झचा, १२ व्होल्ट डीसी, १ ते १.५ ॲम्पिअर, ओव्हरलोड कटआउट असलेला घ्या आणि मोकळे व्हा. घरी करायचा असेल तर साधा मार्ग एलएम३१७ रेग्युलेटरचा (व्होल्टेज कमी-जास्त करून देणारी तीन पिनांची चिप). इथे ट्रान्सफॉर्मर निवडताना बहुतेक जण १२ व्होल्टचा आणतात आणि संध्याकाळी रडतात. हिशेब बघा. १२ व्होल्ट एसीचे शिखर १७ व्होल्ट, त्यातून ब्रिजच्या (एसीचे डीसी करणाऱ्या चार डायोडांच्या जोडणीतल्या) दोन डायोडचे १.४ गेले, राहिले साडेपंधरा. ४७०० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरवर १ ॲम्पिअर घेतला की दर सेकंदाला शंभर वेळा सुमारे २ व्होल्ट खाली जातात. रेग्युलेटर स्वतःला दोन-अडीच व्होल्ट ठेवून घेतो. रुळावर आले ११. संध्याकाळी विजेच्या लाइनच्या शेवटच्या वाडीत २३० चे २०० होतात, तेव्हा रुळावर जेमतेम ९ उरतात आणि चढावर गाडी दम टाकते. १५ व्होल्टची वाइंडिंग घेतली तर २०० वरही पूर्ण १२ मिळतात. उलट कधी मेन्स २५० झाले तर कपॅसिटरवर बावीसेक व्होल्ट येतात, म्हणून कपॅसिटर ३५ व्होल्टचा घ्या, २५ चा नको.

डीसीचा १ ॲम्पिअर काढायला वाइंडिंगमधून प्रत्यक्षात पावणेदोन ॲम्पिअर एसी जातो, कारण कपॅसिटर शिखरावरच घोट घेतो. म्हणून १५ व्होल्ट २ ॲम्पिअर, म्हणजे ३० व्हीए (व्होल्ट गुणिले ॲम्पिअर). दुकानात ०-१५ मिळाला नाही आणि १५-०-१५ मिळाला तर मधली वायर आणि एकच टोक वापरून ब्रिजला जोडा. दोन्ही टोके ब्रिजला लावलीत तर ३० व्होल्ट एसीचे ४० व्होल्ट डीसी होतात आणि ३५ व्होल्टचा कपॅसिटर फटाक्यासारखा फुटतो. वायरमनने सुचवलेल्या १२-०-१२ चीही हीच गोम आहे. टोकाला टोक २४ व्होल्ट असतात.

बाकी भाग असे: ३ ॲम्पिअरचा ब्रिज किंवा चार १एन५४०८ डायोड, एलएम३१७, आउटपुट आणि ॲडजस्ट पिनच्या मधे १२० ओहम, ॲडजस्टपासून मायनसला १ किलोओहमचा पॉट (फिरवून कमी-जास्त करायचा रोध). याने सव्वा ते पावणेबारा व्होल्ट मिळतात. उलट-सुलट जायला मधे बंद होणारा डीपीडीटी स्विच (दोन्ही वायरी एकदम उलटवणारा). रेग्युलेटरला हीटसिंक चांगला मोठा लावा. गाडी हळू चालवताना तो जास्त तापतो, कारण रुळावर ६ व्होल्ट जात असले तर उरलेले चौदा त्याच्याच अंगावर असतात. अर्ध्या ॲम्पिअरला ७ वॉट झाले. खूप तापला की तो हात आखडता घेतो, गाडी थांबते, निवला की पुन्हा निघते. लोक याला इंजिनाचा दोष समजतात. त्याचा पत्रा आउटपुटला जोडलेला असतो, तेव्हा हीटसिंक डब्याला टेकणार असेल तर मधे अभ्रकाचा तुकडा घाला. प्रायमरीला २५० मिलिॲम्पिअरचा स्लो-ब्लो फ्यूज.

ट्रान्सफॉर्मरवर छापलेल्या ॲम्पिअरवर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. ३० व्हीएचा खरा ट्रान्सफॉर्मर हातात घेतल्यावर अर्ध्या किलोहून जड लागतो. तळहातावर हलका वाटला तर आकडा फुगवलेला आहे. घरी आणल्यावर तोच २१ वॉटचा बल्ब सेकंडरीला (आउटपुटच्या वाइंडिंगला) तासभर लावून ठेवा. मग प्लग काढून गाभ्यावर तळहात ठेवा. पाच सेकंद ठेवता आला तर ठीक, चटका बसून उचलावा लागला तर परत करा. गावात मिळत नसेल तर गणपतीला येणाऱ्या चाकरमान्याला सांगा. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तपकीर गल्लीत हा माल मिळतो. फक्त कागदावर '१५ व्होल्ट, २ ॲम्पिअर, प्रायमरी २३०' असे पूर्ण लिहून द्या, नाहीतर बारा व्होल्टचाच येईल.

पंख्याचा डिमर प्रायमरीला लावून गाडीचा वेग कमी-जास्त करू, असे कोणी सुचवले तर हात जोडा. व्हेरिॲकलाही (मूठ फिरवून मेन्सचे व्होल्टेज कमी-जास्त करणारा ट्रान्सफॉर्मर) तेच. त्यात एकच वाइंडिंग असते, मेन्सपासून वेगळेपण नसते, आणि रुळाला हात लावणारा बहुतेक वेळा घरातला मुलगाच असतो. टेबलाच्या खाली २३० व्होल्ट कुठेही उघडे येता कामा नयेत. बंद डब्यात ट्रान्सफॉर्मर, बाहेर फक्त कमी व्होल्टच्या वायरी. खोलीच्या लाइनवर ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (करंट जमिनीत गळू लागताच लाइन तोडणारा स्विच) असावाच. कातळावरच्या घरात उन्हाळ्यात अर्थिंग कोरडे पडते, तेव्हा तर तोच आधार.

ट्रान्सफॉर्मर नको, तयार ॲडाप्टरच हवा, तर तेही वाईट नाही. १५ व्होल्ट २ ॲम्पिअरचा, बीआयएसची खूण असलेला ॲडाप्टर आणि त्यापुढे वरचाच एलएम३१७. मेन्स १८० झाले तरी चांगला एसएमपीएस १५ वर ठाम राहतो, हा त्याचा मोठा गुण. पंधराचा मिळाला नाही तर बाराचा ॲडाप्टर आणि पीडब्ल्यूएम मोटर कंट्रोलर (वीज भराभर चालू-बंद करून वेग ठरवणारा बोर्ड) घ्या. बोर्डाची फ्रिक्वेन्सी १५ किलोहर्ट्झच्या वर असेल असे बघा. कमी असेल तर मोटर किणकिणते, आणि कोरलेस (लोखंडी गाभा नसलेली) मोटर असलेले इंजिन आतून तापून खराब होते. लॅपटॉपचा जुना १९ व्होल्टचा ॲडाप्टर थेट रुळांना कधीच नाही.

सांध्यांसाठी सोलेनॉइड मोटर वापरणार असाल तर त्यांना वेगळा ट्रान्सफॉर्मर का, ते ओघाने येते. एक सोलेनॉइड क्षणभरासाठी तीन-चार ॲम्पिअर ओढतो. रुळांच्याच सप्लायवरून घेतला तर दर वेळी सांधा बदलताना गाडी ठेचकाळते आणि सांधाही अर्धवट सरकतो. १६ व्होल्ट १ ॲम्पिअर एसी, त्यापुढे कपॅसिटर डिस्चार्ज युनिट. त्यात साठलेला चार्ज एका झटक्यात जातो आणि बटण अडकले तरी कॉइल जळत नाही. दिवे याच ट्रान्सफॉर्मरवर चालतील. एलईडीला मात्र एक डायोड आणि १ किलोओहमचा रोध प्रत्येकी लावा. पुढेमागे दोन गाड्या वेगवेगळ्या चालवायच्या झाल्या आणि एक रूळ सामाईक ठेवला तर दोन्ही कंट्रोलर एकाच वाइंडिंगवर घेऊ नका. दोन ब्रिज सामाईक रुळातून एकमेकांना शॉर्ट करतात आणि डायोड जातात. वेगळी वाइंडिंग किंवा वेगळा ॲडाप्टरच लागतो.

डीसीसीकडे (रुळांतून डिजिटल संदेश पाठवून इंजिने चालवण्याची पद्धत) वळायचे असेल तर हे सगळे बाजूला. सिस्टिमच्या कंपनीने दिलेलाच सप्लाय वापरा. नाण्याची चाचणी तिथे अधिकच गरजेची, कारण रुळांवर सतत पूर्ण व्होल्टेज असते.

'ट्रान्सफॉर्मर कमी पडतो' ही तक्रार किनाऱ्यालगतच्या घरांत निम्म्याहून अधिक वेळा ट्रान्सफॉर्मरची नसतेच. खाऱ्या दमट हवेत रुळांच्या जोडपट्ट्यांवर थर चढतो, पितळी रूळ तर पावसाळ्यात काळवंडतात आणि तो काळा थर करंट अडवतो. गाडी चालू असताना फीडरपाशी आणि फेऱ्याच्या पलीकडच्या टोकाला व्होल्टेज मोजा. इकडे १२ आणि तिकडे साडेनऊ निघाले तर दोष वाटेत आहे. निकेल सिल्व्हरचे रूळ घ्या, जोडपट्टीवर विसंबू नका, दर मीटरला ०.५ चौरस मिलिमीटरचा फीडर रुळाला सोल्डर करून खाली ०.७५ च्या जाड वायरीला जोडा. टेलिफोनची वायर नको. पाच मीटर जा-ये धरून एका ॲम्पिअरला तीच जवळपास अर्धा व्होल्ट खाते. रूळ आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, पॉलिश पेपरने घासू नका. ओरखड्यांत मळ आणखी बसतो.

पावसाळाभर माळ्यावर पडलेला ट्रान्सफॉर्मर सरळ चालू करू नका. त्याच्या वाइंडिंगमधला कागद ओल धरतो. खोक्यात ४० वॉटच्या बल्बशेजारी रात्रभर ठेवा, मग वायरमनकडच्या मेगरवर (इन्सुलेशन मोजायचे मीटर) प्रायमरी आणि सेकंडरीच्या मधे इन्सुलेशन बघून घ्या, आणि पहिल्यांदा चालू करताना सिरीज बोर्डावर (मेन्सच्या वाटेत बल्ब जोडलेला चाचणीचा बोर्ड) ६० वॉटचा बल्ब मधे ठेवा. सेकंडरी मोकळी असताना बल्ब मंद राहिला तर ट्रान्सफॉर्मर ठणठणीत. पूर्ण पेटला तर आत शॉर्ट आहे. वळवाच्या आणि हस्ताच्या विजांच्या दिवसांत नुसता स्विच बंद करून भागत नाही, प्लग बाहेर काढा.

राहिला इन्व्हर्टर. साइन वेव्हचा असेल तर काहीच अडचण नाही. जुना स्क्वेअर वेव्हचा असेल तर ट्रान्सफॉर्मर गुणगुणेल, आणि गाडीही मंदावेल. स्क्वेअर वेव्हला शिखरच नसते. २२० म्हणजे सरळ २२०, त्यामुळे १५ व्होल्टच्या वाइंडिंगमधून कपॅसिटरवर विसाऐवजी तेरा व्होल्टच येतात आणि रुळावर साडेदहा. सपाटीवर तेवढ्यात गाडी चालते, चढ चढणार नाही. तुमच्याकडे असाच इन्व्हर्टर असेल आणि लाइट वारंवार जात असेल तर १५ व्होल्टचा ॲडाप्टर हाच तुमच्यासाठी योग्य, कारण त्याला लहरीच्या आकाराशी फारसे देणेघेणे नसते.